गुडघ्याची वाटी सरकल्यानंतर: वाचकांचे प्रश्न आणि फिजिओथेरपिस्टची उत्तरे

पावसाळा ओसरला की मुंबईतली मैदाने पुन्हा भरू लागतात आणि त्यांच्यामागोमाग गुडघ्यांच्या तक्रारीही येतात. या वेळच्या पत्रांपैकी चार पत्रे गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकण्यासंबंधी होती, म्हणून हे संपूर्ण सदर त्यांच्यासाठीच राखले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: माझी सोळा वर्षांची मुलगी अकरावीत शिकते आणि शाळेपासून खो-खो खेळते. सहा आठवड्यांपूर्वी सरावात खांबाजवळ दिशा बदलताना तिचा डावा पाय जमिनीवर तसाच रोवलेला राहिला, अंग वळले आणि गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला गेली. पाय सरळ करताच वाटी आपोआप जागेवर आली, पण तासाभरात गुडघा खूप सुजला. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही. चार आठवडे प्लास्टर होते. ते काढल्यावर पाहतो तर मांडी बारीक झालेली आणि गुडघा निम्माच वाकतो आहे. शस्त्रक्रियेची गरज नाही, फिजिओथेरपी करा, असे डॉक्टर म्हणाले. सासूबाईंचा आग्रह आहे की मालिशवाल्याकडून वाटी नीट बसवून घ्यावी आणि नी-कॅप बांधावी. आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि रोजच्या खासगी उपचारांचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. निव्वळ व्यायामाने वाटी जागेवर राहील का? डिसेंबरच्या स्पर्धेत तिला खेळता येईल का? (एक आई, लालबाग)

उत्तर: सासूबाईंच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती बहुतेक घरांत असते. पाय सरळ केला त्याच क्षणी वाटी जागेवर बसली आहे, त्यामुळे आता बसवण्यासारखे काही उरलेले नाही. तुमच्या मुलीची अडचण अशी आहे की वाटीला जागेवर धरून ठेवणारी व्यवस्था दुखावली आहे आणि दुसरी जी व्यवस्था तिच्या मदतीला यायची, ती सध्या झोपी गेली आहे. मांडीला हलक्या हाताने तेल लावण्याने काही बिघडत नाही. परंतु वाटीवर जोर देऊन तिला इकडेतिकडे ढकलणे म्हणजे सांधू लागलेला अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारी पट्टी) पुन्हा ताणणे होय, आणि ते कोणालाही करू देऊ नये.

वाटी हे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, वसलेले हाड आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पन्हळीसारखी खाच असते आणि गुडघा वाकू लागला की वाटी त्या पन्हळीतून खाली सरकते. पाय सरळ असताना मात्र वाटी पन्हळीच्या वरच्या तोंडाशी जवळजवळ मोकळीच असते. गुडघा वाकण्याच्या पहिल्या वीस-तीस अंशांत तिला बाहेर जाऊ न देण्याचे काम मुख्यतः आतल्या बाजूचा एक पट्टीसारखा अस्थिबंध करतो. पाऊल जमिनीवर रोवलेले, गुडघा किंचित वाकलेला आणि मांडी आतल्या बाजूला वळलेली, अशा स्थितीत स्नायूची ओढ वाटीला बाहेर खेचते आणि तो अस्थिबंध ताणला जातो किंवा फाटतो. खांबाला वळसा घालताना खो-खोपटूचा पाय नेमका याच स्थितीत असतो. त्यामुळे तिची काही चूक झाली, असे तिच्या मनात कोणी भरवू नये.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. तासाभरात आलेली मोठी सूज ही बहुधा सांध्यात रक्त उतरल्याची असते, आणि वाटी सरकताना किंवा परत बसताना कूर्चेचा (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत अस्तराचा) तुकडा निघाला असेल तर तो साध्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. गुडघा मध्येच अडकत असेल, आत काही फिरल्यासारखे वाटत असेल किंवा सूज कमीच होत नसेल, तर एमआरआयचा विषय काढायला संकोच करू नका. असा सुटा तुकडा असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय बदलू शकतो. तो नसेल, तर पहिल्यांदाच वाटी सरकलेल्या बहुतेक रुग्णांना व्यायामाच्याच मार्गाने नेले जाते, आणि हा मार्ग शस्त्रक्रिया परवडत नाही म्हणून निवडलेला दुय्यम पर्याय नव्हे.

मांडी बारीक होण्याचे कारण केवळ प्लास्टर नाही. सांध्यात पाणी किंवा रक्त साचले की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञाच मंद करते. मुलगी प्रामाणिकपणे जोर लावते आणि तरीही स्नायू आवळत नाही, हे दृश्य आम्ही रोज पाहतो. अशा वेळी ‘जोर लाव, जोर लाव’ असे ओरडून उपयोग होत नाही. आधी सूज उतरवावी लागते: पाय उशीवर उंच ठेवणे, दिवसातून तीन-चार वेळा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावणे आणि उगाच फार वेळ उभे न राहणे. मग गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून ती टाचेच्या दिशेने न ढकलता सरळ खाली दाबायची, पाच सेकंद धरायची आणि सोडायची, असे दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. स्नायू आवळताना वाटी मांडीच्या दिशेने वर सरकलेली बोटाला जाणवली, तर स्नायू जागा झाला असे समजावे. त्यानंतर गुडघा न वाकवता संपूर्ण पाय वीतभर उचलण्याचा व्यायाम सुरू होतो. पाय उचलताना गुडघा थोडाही वाकत असेल, तर मात्र पहिल्या व्यायामावरच थांबावे. स्नायू अजिबात दाद देत नसेल तर विजेच्या सौम्य उत्तेजनाचे यंत्र वापरून त्याला आवळायला शिकवता येते.

गुडघा वाकवण्यासाठी कोणाला त्याच्यावर बसू देऊ नका. तिने पलंगाच्या कडेला बसावे, चांगल्या पायाने दुखऱ्या पायाला खालून आधार द्यावा आणि स्वतःच हळूहळू वाकवावे. चार आठवड्यांचे संपूर्ण प्लास्टर आजच्या पद्धतीच्या मानाने थोडे लांबलेच, त्यामुळे हा आखडलेपणा अपेक्षित आहे आणि तो नियमित व्यायामाने सुटत जातो.

आता तिसरा मजला. १९७२ मध्ये रायली आणि मार्टेन्स यांनी वाटीमागच्या सांध्यावर येणाऱ्या दाबाचा हिशेब मांडला होता. सपाट जमिनीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा, जिन्यावर तिपटीहून अधिक आणि पूर्ण खाली बसताना सातपटीहून अधिक भरला. म्हणून जिना दिवसातून एकदाच चढावा-उतरावा, कठडा धरावा, चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी दुखरा पाय टाकावा. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे काही आठवडे बंद ठेवावे आणि चाळीतल्या शौचालयासाठी खुर्चीसारखा सुटा कमोड मिळवावा. शेजाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी आजोबांसाठी आणलेला असतोच.

ताकदीचे व्यायामही याच हिशेबाने निवडतात. पाऊल जमिनीवर टेकलेले असताना, म्हणजे भिंतीला पाठ लावून अर्धवट खाली जाताना, गुडघा सुरुवातीला सरळपासून सुमारे ४५ अंशांपर्यंतच वाकवावा. खुर्चीवर बसून पाय उचलण्याच्या व्यायामात याच्या उलट ९० ते ४५ अंशांचा पट्टा वाटीला सोसवतो.

इतके झाले की घरच्यांना वाटते, आता गुडघा सुधारला. माझ्या मते खरी फिजिओथेरपी इथून पुढे सुरू होते, आणि नेमकी याच टप्प्यावर निम्मी मंडळी येणे थांबवतात. वाटी सरकते तेव्हा पन्हळच तिच्याखालून आत वळलेली असते, आणि मांडीला आत वळू न देण्याचे काम खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे आणि मागचे स्नायू करतात. मुलीला आरशासमोर जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर एका पायावर उभे करा आणि दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवायला सांगा. उभ्या पायाचा गुडघा अंगठ्याच्या आतल्या बाजूला झुकत असेल, तर पाय जाड झालेला असला तरी तयार झालेला नाही. एका कुशीवर झोपून वरचा पाय सरळ किंचित मागे नेत उचलणे, गुडघे दुमडून कुशीवर झोपल्यावर टाचा जुळवून वरचा गुडघा उघडणे, पाठीवर झोपून कंबर उचलत पूल करणे आणि मग हीच पायरी आरशात गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून उतरणे, असा क्रम ठेवतात. एका पायावर तोल सांभाळणे आधी डोळे उघडे ठेवून आणि नंतर चेंडू झेलत करायचे असते.

नी-कॅपविषयी: औषधाच्या दुकानात मिळणारी साधी लवचीक नी-कॅप ऊब देते, थोडा धीर देते, पण वाटीला अडवत नाही. वाटीसाठी समोर गोल खिडकी आणि बाहेरच्या बाजूला अर्धचंद्राकृती गादी असलेला पट्टा वेगळा असतो. तोही सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मैदानावर परतताना वापरण्यापुरताच.

डिसेंबरचे उत्तर तारखेत देता येणार नाही. सूज पूर्ण गेलेली असावी, गुडघा दुसऱ्याइतका वाकावा आणि सरळ व्हावा, मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उडीचे अंतर दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के भरावे, आणि वाटी बाहेर ढकलून पाहताना तिने दचकून तपासणाऱ्याचा हात धरू नये. बहुतेकांना इथवर यायला तीन-चार महिने लागतात आणि काहींना अधिक. परतल्यावर सरळ पळती आधी, चौकोनात बसून उठणे त्यानंतर, आणि खांबाजवळचे वळण सर्वांत शेवटी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, पहिल्यांदा वाटी सरकलेल्यांपैकी १७ टक्के लोकांची वाटी पुढील दोन ते पाच वर्षांत पुन्हा सरकली, तर आधीच एकापेक्षा अधिक वेळा सरकलेल्यांमध्ये हे प्रमाण ४९ टक्के होते. वय कमी असेल तर धोका वाढतो. म्हणून दुसरी वेळ टाळण्यासाठी एक स्पर्धा सोडावी लागली, तर मी प्रशिक्षकांच्या नाराजीपेक्षा गुडघ्याची बाजू घेईन.

खर्चाचे म्हणाल तर तुमच्या जवळच परळला केईएम रुग्णालय आहे. देशातले फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय १९५३ मध्ये तिथेच सुरू झाले. तेथील बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातून एक-दोनदा व्यायाम तपासून घेऊन उरलेले दिवस घरी करणे तिला शक्य आहे.

प्रश्न: मी २४ वर्षांचा असून मुलुंडहून लोकलने फोर्टला कामाला जातो. पाच वर्षांत माझी उजवी वाटी तीनदा सरकली. शेवटची वेळ दादरला उतरताना आली. पाय फलाटावर टेकला आणि मागच्या गर्दीने मला फिरवले. डॉक्टरांनी अस्थिबंध नव्याने तयार करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. मनापासून व्यायाम केला तर ती टळेल का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: टळू शकते, पण तिसऱ्या वेळेनंतर मी तुम्हाला तसे वचन देणार नाही. व्यायाम स्नायू बदलतो, हाडाचा आकार बदलत नाही. पन्हळ जन्मतः उथळ असेल, वाटी नेहमीपेक्षा वर बसलेली असेल, किंवा नडगीच्या हाडावरचा जो उंचवटा वाटीची कंडरा धरून ठेवतो तो पन्हळीच्या मध्यरेषेपासून २० मिलिमीटरहून अधिक बाहेर असेल, तर कितीही कमावलेल्या मांडीला एका मर्यादेपलीकडे वाटी रोखता येत नाही. ही मापे एमआरआय किंवा सीटी स्कॅनवर काढतात. तुमच्या अहवालात ती आहेत का, हे शल्यचिकित्सकांना थेट विचारा, कारण अस्थिबंध एकटाच बदलायचा की हाडाचा उंचवटाही हलवायचा, हे त्यावरच ठरते.

शस्त्रक्रियेत बहुधा तुमच्याच मांडीच्या मागच्या बाजूची एक कंडरा घेऊन नवा अस्थिबंध करतात. तारीख मिळेपर्यंतचे आठवडे वाया घालवू नका. पूर्ण वाकणारा, बिनसुजेचा गुडघा आणि जागी मांडी घेऊन टेबलावर जाणाऱ्याला नंतर कमी झगडावे लागते. वर पहिल्या उत्तरात दिलेले सगळे टप्पे तुम्हाला शस्त्रक्रियेनंतरही तसेच चढावे लागतील. धावणे साधारण तीन-चार महिन्यांनी आणि खेळ सहा महिन्यांनंतर, असा सर्वसाधारण अंदाज असतो. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखम लाल होऊन वाहू लागली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लोकलचे मात्र आजपासूनच बदला. गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी उतरू नका. दाराच्या मधोमध न राहता दांड्याच्या बाजूने उतरा, पाऊल ज्या दिशेला जायचे त्याच दिशेला टाका आणि गर्दीने वळवलेच तर पाय रोवून न धरता छोटी पावले टाकत अंगासोबत पायही वळू द्या. दादरच्या गर्दीत हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे, हे मी जाणतो. शक्य असेल तर दोन-चार महिने कामाची वेळ तासभर पुढे-मागे करून घ्या.

प्रश्न: इंटरनेटवर सगळीकडे सांगतात की वाटीसाठी मांडीचा फक्त आतला, थेंबासारखा दिसणारा स्नायू वाढवावा. त्यासाठी नेमका कोणता व्यायाम? शिवाय चिकटपट्टी लावल्याने वाटी जागेवर येते का? (विलेपार्ले)

उत्तर: तो स्नायू वाटीला आतल्या बाजूला ओढतो हे खरे आहे, पण मांडीच्या पुढच्या स्नायूचे चारही भाग एकाच मज्जातंतूवर चालतात आणि त्यातला एकच वेगळा काढून वाढवणारा व्यायाम अभ्यासांत सापडलेला नाही. पावले बाहेर वळवून किंवा गुडघ्यांमध्ये चेंडू दाबून काही जादू होत नाही. सबंध मांडी आणि खुबा कमवा, आतला भागही त्याबरोबर वाढेल.

चिकटपट्टीची पद्धत ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्ट जेनी मॅककॉनेल यांनी १९८६ मध्ये मांडली. तिने वेदना तात्पुरती कमी होते आणि त्या काळात व्यायाम बरा करता येतो, एवढा तिचा उपयोग आहे. वाटीची जागा ती कायमची बदलत नाही. आपल्या दमट हवेत पट्टीखाली पुरळ फार लवकर उठते, म्हणून खाज सुटताच ती काढावी आणि रात्रभर ठेवू नये.

प्रश्न: मी भरतनाट्यम शिकवते. वय ३१. माझे सांधे लहानपणापासून फार लवचीक आहेत. पाच महिन्यांपूर्वी डावी वाटी सरकली होती. आता ताकद चांगली आहे, उडीची चाचणीही उत्तीर्ण झाले, तरीही अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर उघडून अर्धवट खाली, बसताना वाटी जाईल असे वाटून मी थबकते. हे मनाचे खेळ आहेत का? (दादर)

उत्तर: नाहीत. वाटी ज्या स्थितीत एकदा निसटली त्या स्थितीची आठवण गुडघा ठेवतो, आणि ती भीती दुखण्याइतकीच उपचाराचा विषय आहे. पण आधी भीतीला कारण उरले आहे का, ते पाहू या.

अरमंडीत गुडघे बाहेर उघडतात ते खुब्यातून उघडले पाहिजेत. खुबा जेवढा वळतो त्याहून पावले जास्त वळवली, तर उरलेला पीळ गुडघ्यावर येतो. तुमच्यासारख्या लवचीक शरीरात हे सहज घडते, कारण काही दुखत नाही आणि रूपही सुंदर दिसते. पाय सैल सोडून खुब्यातून जेवढे वळतात तेवढेच पावलांचे कोन ठेवा, मग आरशात गुडघ्याचा मध्य पावलाच्या दुसऱ्या बोटावर येतो का ते पाहा. कोन पूर्वीपेक्षा लहान भरला तर वाईट वाटून घेऊ नका.

लवचिकता मोजायला बेटन गुणांकन वापरतात. करंगळ्या, अंगठे, कोपर, गुडघे आणि उभे राहून तळहात जमिनीला टेकणे असे एकूण नऊ गुण असतात. तुमचे गुण अधिक असतील तर ताणाचे व्यायाम वाढवू नका, त्यांची तुम्हाला गरज नाही. उभे असताना गुडघे मागे लोटून कुलूपबंद करण्याची सवय मात्र सोडावी लागेल. वर्गात दिवसभर ज्या स्थितीत तुम्ही उभ्या असता, तिचा परिणाम तासभराच्या व्यायामापेक्षा जास्त होतो.

भीतीसाठी अरमंडीचे तुकडे करा. प्रथम ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून पाव खोलीपर्यंत जा आणि दहा सेकंद थांबा. आठवडाभर त्यात थबकणे आले नाही तर अर्ध्या खोलीपर्यंत, मग आधार सोडून, मग तट्टू अडवू (पाय आपटण्याचा मूलभूत पदन्यास) संथ लयीत, आणि लय दुप्पट करणे सर्वांत शेवटी. भीती दहापैकी किती आहे याचा आकडा रोज वहीत लिहा. तीनच्या वर असेल त्या दिवशी मागच्याच पायरीवर राहा. मंडीत पूर्ण खाली बसणे आणि गुडघ्यावर झेप घेणे सध्या विद्यार्थिनींकडून करून दाखवा, स्वतः करू नका.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा उजवा गुडघाही दाखवा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण लवचिकता दोन्ही बाजूंना सारखीच असते आणि गेले पाच महिने जास्तीचा भार त्यानेच उचलला आहे.